जुना लाल पॉड परत घ्यावा का?

पत्र:

«ताई, नमस्कार. कॉलेजात असताना माझ्याकडे लाइन सिक्स कंपनीचा लाल पॉड २.० होता, तो राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा, गिटार लावली की निरनिराळ्या ॲम्पचे आवाज काढणारा. हेडफोन लावून रात्ररात्र वाजवायचो. पुढे घर बदललं तेव्हा विकून टाकला. आता लॅपटॉपवर प्लगइन आहेत, म्हणजे ॲम्पची नक्कल करणारी सॉफ्टवेअर, शेकडो ॲम्प आहेत, आवाज म्हणाल तर उत्तम. पण गिटार काढतो, अर्धा-पाऊण तास आवाज निवडण्यात जातो आणि काहीच न वाजवता गिटार पुन्हा पिशवीत जाते. परवा तोच पॉड जुन्यात विकायला आलेला दिसला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझा सोळा वर्षांचा मुलगाही गिटार वाजवतो. तो म्हणतो, "बाबा, तुम्हाला पॉड नकोय, तुम्हाला कॉलेज परत हवंय." त्याचं खरं असेल का? तो आवाज खरोखर चांगला होता की मला आता तसं वाटतंय? घेऊ का? आणि घेतला तर लॅपटॉपवरचं सगळं काढून टाकू का?»

उत्तर:

घ्या. पत्र वाचताना तुमचं मन जवळपास ठरलंय हे कळतं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. फक्त तो कशासाठी घेताय हे आधी स्पष्ट असू द्या. नाहीतर महिन्याभरात पॉडही कपाटात जाईल, आणि मुलाचं म्हणणं खरं ठरलं असं तुम्हाला उगाच वाटत राहील.

मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारू नका. ज्या आवाजात आपण पहिल्यांदा पॉवर कॉर्ड वाजवून स्वतःच चकित होतो, तो आवाज कानात घर करून बसतो. पुढे कितीही चांगलं ऐकलं तरी त्याची जागा हलत नाही. पण तुम्हाला आठवतंय त्यातला बराचसा भाग तुमच्या वयाचा नव्हता, त्या यंत्राच्या रचनेचा होता. वय परत मिळत नाही. ती रचना मात्र त्या जुन्या पॉडमध्ये आजही जशीच्या तशी आहे.

पॉडचा दर्शनी भाग आठवून बघा. एका नॉबभोवती ॲम्पची नावं छापलेली: ट्वीड ब्लूज, ब्लॅक पॅनेल, ब्रिट क्लास ए, ब्रिट हाय गेन, रेक्टिफाइड. त्याच्या जोडीला ड्राइव्ह, बेस, मिडल, ट्रेबल, रिव्हर्ब. नॉब फिरवला की आवाज बदलला. मेनू नाही, पानं नाहीत, माउस नाही. सगळे मिळून ३२ ॲम्प, १६ इफेक्ट आणि आपले पॅच, म्हणजे जुळवून साठवलेले आवाज, ठेवायला ३६ जागा. एखाद-दोन संध्याकाळींत सगळं ऐकून व्हायचं आणि मग वाजवण्याखेरीज करण्यासारखं काही उरायचंच नाही. त्यावर एक मॅन्युअल बटणही होतं. ते दाबलं की साठवलेला पॅच बाजूला होऊन नॉब जिथे आहेत तसा आवाज यायचा. म्हणजे डोळ्यांना दिसतं तेच कानाला ऐकू येणार. आजच्या कित्येक महागड्या यंत्रांत ही सोय इतकी सरळ नाही.

तुमच्या लॅपटॉपवर याच्या नेमकं उलट आहे. ॲम्प निवडला की कॅबिनेट (म्हणजे स्पीकरचं खोकं), कॅबिनेट निवडला की माइक, मग माइक किती लांब, कुठल्या कोनात, मग त्याऐवजी वेगळी इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाची टिपून ठेवलेली फाइल, टाकून बघू का. हे काम वाईट नाही. स्टुडिओत बसलेला माणूस ते आनंदानं करतो. पण ते ऐकण्याचं आणि तोलण्याचं काम आहे, आणि ते करताना हात रिकामे असतात. तुमचा अर्धा-पाऊण तास तिथे जातो. तुमच्यात काही कमी झालंय असं मला वाटत नाही. दिवसभराचं काम आटोपून आलेल्या माणसापुढे शेकडो पर्याय ठेवले, तर पहिली दमते ती वाजवण्याची इच्छा.

म्हणून विक्रेत्याला फोन करायच्या आधी एक प्रयोग करा. लॅपटॉपवर चारच आवाज बनवा: एक स्वच्छ, एक किंचित फाटणारा, एक भरपूर गेनचा (खूप फाटलेला), एक सोलोसाठी. ते सेव्ह करा आणि आठवडाभर बाकीचं काही उघडू नका. आवाज आवडला नाही तरी गिटारवरचा व्हॉल्यूम आणि टोन फिरवूनच भागवा. वाजवणं वाढलं, तर तुमची अडचण नुसत्या निवडीची होती. नाही वाढलं, तर तुमच्या हातांना खरेखुरे नॉब हवे आहेत आणि पॉड त्यासाठी योग्य आहे. माझा अंदाज दुसऱ्या बाजूनं आहे. कारण प्लगइन उघडायला लॅपटॉप उघडावा लागतो, आणि लॅपटॉपवर तुमची नोकरीही असते.

आता आवाजाबद्दल. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते.

ॲम्पची डिजिटल नक्कल तेव्हा बाळसं धरत होती. रोलंडचा व्हीजी-८ १९९५ चा, लाइन सिक्सचा पहिला मॉडेलिंग ॲम्प ॲक्सिस २१२ हा १९९६ चा, आणि पहिला पॉड १९९८ चा. त्या काळच्या चिपमध्ये आजच्या तुलनेत ताकद फारच थोडी, त्यामुळे खऱ्या ॲम्पमध्ये जे घडतं त्यातलं ठळक तेवढंच घेतलं जायचं. परिणाम तुम्ही ऐकलेले आहेत, फक्त तेव्हा त्यांना नाव नव्हतं. हळू छेडलेल्या आणि जोरात मारलेल्या तारेत जितका फरक पडायला हवा तितका पडत नाही. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तर आवाज स्वच्छ होण्याऐवजी बराचसा नुसताच लहान होतो. गेन वाढवला की वरच्या पट्टीत एक बारीक सरसर ऐकू येते. आणि कॅबिनेटची नक्कल ढोबळ असते.

पण शिकणाऱ्याच्या बाजूनं हेच पुन्हा वाचा. जोर कमी-जास्त पडला तरी आवाज एकसारखा येतो, म्हणजे कच्च्या हाताच्या चुका झाकल्या जातात. मध्यरात्री हेडफोनमध्ये कच्चा हातसुद्धा रेकॉर्डवरच्या हातासारखा ऐकू येतो. त्या वयात याहून मोठं प्रोत्साहन नसतं. त्या यंत्रानं तुम्हाला रात्ररात्र वाजवायला लावलं ते याच बळावर, आणि मी तरी हे त्याचं मोठं काम मानते. आवाज चांगला होता का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: तेव्हाच्या तुमच्यासाठी तो फार चांगला होता. आज तुमची बोटं पुष्कळ काही जाणतात. ती हलकेच छेडतील आणि तशाच हलक्या उत्तराची वाट बघतील. पॉडकडे ते उत्तर दर वेळी नसेल. पहिल्या संध्याकाळी थोडं हिरमुसल्यासारखं झालं तर ते या कारणानं, हे आत्ताच ध्यानात ठेवा. लगेच परत विकायला काढू नका.

आणखी एक. आपल्यातल्या बहुतेकांनी खरा मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर किंवा खरा व्हॉक्स एसी ३० हे ॲम्प, ज्यांच्या नकला पॉडमध्ये होत्या, तेव्हा जवळून ऐकलेलेच नव्हते. आपल्यासाठी नॉबवरचं ‘रेक्टिफाइड’ हेच अस्सल होतं. नंतर खरे ॲम्प ऐकले तेव्हा कित्येकांना तेच परके वाटले. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणालं की पॉड खऱ्या ॲम्पसारखा वाजत नाही, तर तो बरोबर आहे, पण तुमचा प्रश्न तो नाहीच. तुम्हाला पॉड पॉडसारखा वाजायला हवाय. रॉकमनबद्दल लोक नेमकं हेच म्हणतात. बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झनं १९८२ मध्ये आणलेला तो हेडफोनचा छोटा ॲम्प कुठल्याच मोठ्या ॲम्पसारखा वाजत नाही, आणि त्याचा तो चकचकीत, दाबलेला आवाज लोक आजही त्याच्या स्वतःसाठी शोधतात.

ऐकण्याच्या साधनाचाही विचार करा. तेव्हा साधे हेडफोन होते, आज टेबलावर स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे काहीही न झाकणारे स्पीकर, असतील. त्यांच्यावर पॉडची सरसर उघडी पडते. पहिल्यांदा साध्या हेडफोनवरच ऐका. आणि हेडफोनमध्ये हळू आवाजात बनवलेले पॅच मोठ्या स्पीकरवर जसेच्या तसे लावू नका. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून आपण नकळत बेस आणि ट्रेबल चढवून ठेवतो. तोच पॅच मोठ्यानं वाजवला की खाली घुमतो आणि वर टोचतो. त्या काळात कितीतरी पोरांचे घरी झकास वाटणारे पॅच स्टेजवर कोसळले आणि दोष यंत्राला गेला. मोठ्यानं वाजवायचा पॅच मोठ्यानंच बनवायचा, हा नियम जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांना लागू आहे.

मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्याला मदतीला घ्या. पॉड आला की एकच रिफ, म्हणजे छोटा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, एकदा पॉडमधून आणि एकदा प्लगइनमधून रेकॉर्ड करा. दोन्हींची पातळी सारखी करायला विसरू नका, कारण जे थोडं मोठं ऐकू येतं ते कानाला हटकून चांगलं वाटतं. मग मुलाला सांगा, क्रम न सांगता लाव. ऐकताना ‘कुठलं चांगलं’ हे ठरवत बसू नका, ‘कुठलं ऐकून गिटार हातात घ्यावीशी वाटते’ एवढंच बघा. मग जागा बदला आणि त्यालाही हाच प्रश्न विचारा. त्याचं उत्तर ऐकायला मला खरंच आवडेल, कारण त्याच्या कानात कुठलंच कॉलेज नाही.

एकदा पॉड घरात आला की नजर आपोआप त्याच्या भाईबंदांकडे वळते, म्हणून आधीच सांगून ठेवते: जुनं आहे म्हणून सगळं सारखं नसतं. माझं मत असं, की ॲम्पच्या जुन्या नकला लवकर म्हाताऱ्या होतात, पण डिले, कोरस, फेझर, रिव्हर्ब हे इफेक्ट फार सुंदर टिकतात. ८० च्या दशकाच्या अखेरीचा कॉर्ग ए३ किंवा त्या सुमाराचे रोलंड आणि बॉसचे रॅक आजही मान वर करून वाजतात. लाइन सिक्सनं स्वतःच्या १९९९ च्या हिरव्या डीएल४ या डिले पेडलमधले डिले पुढे हीलिक्स या नव्या यंत्रात ‘लेगसी’ या नावाखाली पुन्हा दिले, ते उगाच नव्हे. व्हॉक्सच्या टोनलॅब या तशाच यंत्रात आत खरी १२ एएक्स ७ व्हॉल्व्ह होती, आणि जुन्याच यंत्रातून बोटांना चांगला प्रतिसाद हवा असेल तर मी पॉडच्या आधी त्याचं नाव घेईन. झूमचा ५०५ हा इफेक्ट पेडल मात्र आठवणीतच गोड आहे. दोन पायबटणं, इवलासा डिस्प्ले, आणि एखादा आवाज बदलायचा म्हणजे आकड्यांची कसरत. त्यावर शिकलेल्यांची माया मला समजते, पण तुम्हाला जे हवंय ते त्यात नाही.

आता खरेदी. यात सगळ्यात महत्त्वाचा आहे ॲडॉप्टर. पॉड २.० ला ९ व्होल्टचा एसी लागतो. पेडलसाठी आपण नेहमी वापरतो तो ९ व्होल्टचा असला तरी डीसी असतो. एकाची पिन दुसऱ्याच्या जागी बसू शकते, म्हणून घोटाळा होतो. ॲडॉप्टरवर आउटपुटच्या ओळीत लाटेसारखी खूण असेल तर एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. पॉडचा एसी ॲडॉप्टर चुकून दुसऱ्या पेडलला लावलात तर ते पेडल जळू शकतं, त्यामुळे घरी आणल्या आणल्या त्याच्या वायरवर ठळक खुणेची चिकटपट्टी लावा आणि मुलालाही दाखवून ठेवा. विक्रेता म्हणाला की मूळ ॲडॉप्टर हरवलाय पण कुठलाही नऊ व्होल्टचा चालतो, तर त्याला यंत्राची फारशी माहिती नाही असं समजा आणि तुमच्यासमोर चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

चालू झालं की प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरनं ती बहुधा जाते. पण आवाज मध्येच उडी मारत असेल किंवा एखादा नॉब फिरवून काहीच होत नसेल तर दुरुस्तीचा खर्च धरा. केबल लावून जॅक हलकेच हलवा. आवाज तुटला तर आतलं सोल्डर सुटलेलं असतं. ते जोडणं अवघड नसतं, पण किंमत ठरवताना बोलून दाखवा. हेडफोनची दोन्ही बाजू ऐका. शेवटी एक पॅच बदलून सेव्ह करा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, आणि तो टिकलाय का बघा. ही शेवटची तपासणी कॉर्ग ए३, बॉसचा एसई-५० अशा आणखी जुन्या यंत्रांना फारच आवश्यक आहे, कारण त्यांची स्मरणशक्ती आतल्या नाण्याएवढ्या लिथियम बॅटरीवर चालते. ती संपली की पॅच पुसले जातात. काहींत ती सोल्डर केलेली असते, तेव्हा बदलायला जाणकाराकडेच द्यावी, आणि त्याआधी पॅच बाहेर काढून ठेवावेत.

पॅच बाहेर काढायच्या बाबतीत पॉड २.० ची एक जमेची बाजू आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्याला पाच पिनांचं जुनं मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडायची सोय, आहे. साधा यूएसबी-मिडी इंटरफेस लावला की आजच्या कुठल्याही संगणकात त्याचे पॅच सिसेक्स फाइल (मिडीनं पाठवलेली यंत्राची माहिती) म्हणून उतरवता येतात. त्याच्या नंतरच्या एक्सटी पिढीला यूएसबी आलं, पडदा आला, तेव्हा ती फार पुढची वाटली. पण ते यूएसबी कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून, आणि ड्रायव्हर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर मागे पडतात. एक्सटी गिटार लावून आजही छान वाजतो, संगणकाला जोडायला गेलं की त्रास देतो. म्हणून विक्रेता ‘थोडे जास्त द्या, एक्सटी घेऊन जा’ म्हणाला तर भुलू नका. तुम्हाला संगणकापासूनच लांब जायचंय.

घरी आणलात की फॅक्टरी रीसेट करायची घाई करू नका. आत कुणा अनोळखी माणसाचे पॅच असतील. ते आधी ऐका, आवडोत न आवडोत, उतरवून ठेवा. कोणीतरी त्यावर आपल्या रात्री घालवल्यात, जशा तुम्ही घालवल्यात. मग रीसेट करा आणि पहिले काही दिवस मॅन्युअल मोडमध्येच राहा.

जाणकार मित्र सुचवतील की पॉडची कॅबिनेट नक्कल बंद कर आणि पुढे नवी इम्पल्स रिस्पॉन्स लाव, आवाज एकदम आजचा होईल. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, आणि ज्याला जुन्या यंत्रातून रेकॉर्डिंग करायचंय त्यानं जरूर करावं. तुम्ही इतक्यात करू नका. तुमच्या कानात जो आवाज आहे त्यातला निम्मा त्या ढोबळ कॅबिनेटचाच आहे. तो काढलात तर उरेल ते तुमच्या ओळखीचं नसेल, आणि पुन्हा कुठली इम्पल्स रिस्पॉन्स घ्यावी या शोधात संध्याकाळ जाईल.

पॉड ठेवायची जागा पक्की करा. खुर्चीजवळ, केबल जोडलेली, हेडफोन लावलेले, ॲडॉप्टर बोर्डात. गिटारही पिशवीतून बाहेर, स्टँडवर. दर वेळी जोडाजोड करावी लागली तर पॉडचाही लॅपटॉप व्हायला वेळ लागणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. लॅपटॉपवरचं काही काढू नका. मित्रांबरोबर गाणं रेकॉर्ड करायचं असेल, मुलाचं वाजवणं त्याच्या आवाजात पकडायचं असेल, एखाद्या गाण्याला अगदी विशिष्ट ॲम्प हवा असेल, तर तिथे प्लगइन पॉडपेक्षा कितीतरी पुढे आहेत आणि तिथे अर्धा-पाऊण तास निवडण्यात गेला तरी तो कामी येतो. रेकॉर्डिंगचं ठरवून बसाल त्या दिवशी लॅपटॉप उघडा. एरवी पॉडचं बटण दाबा. आणि पॉडवर बनवलेला एखादा आवाज इतका आवडला की तो लॅपटॉपवरही हवासा वाटला, तर न्यूरल ॲम्प मॉडेलरसारख्या मोफत साधनानं त्याच्या डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या आवाजाचा) कॅप्चर, म्हणजे डिजिटल नक्कल, करता येतो. डिले आणि रिव्हर्ब मात्र आधी बंद करा, ते त्यात उतरत नाहीत. हे काम मुलावर सोपवा, तो तुमच्याआधी शिकेल.